स्टॉपवॉच हातात आलं आणि चहा बंद झाला

पत्र (थोडं छोटं करून देतेय): ताई, मी चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत आहे. सात वर्षं लाईनवर ऑपरेटर होतो, तीन महिन्यांपूर्वी सुपरवायझर केलं. हाताखाली चौदा जण, पाच परमनंट, बाकी कॉन्ट्रॅक्टवरचे. प्लांट हेडने सांगितलंय की प्रत्येक स्टेशनचा सायकल टाईम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, घड्याळ लावून घे आणि महिनाअखेर रिपोर्ट दे, वेळ वाचवून दहा टक्के तरी निघाले पाहिजेत. आता मी घड्याळ घेऊन उभा राहिलो की सगळे हळू होतात. जे काम मी स्वतः ४१ सेकंदात करायचो ते मला ५५ सेकंदात करून दाखवतात, वर चेहरा असा की यापेक्षा फास्ट होतच नाही. ज्यांनी मला ट्रेनी असताना काम शिकवलं ते मामा आता चहाला हाक मारत नाहीत. रात्री डिस्टन्सने एमबीए करतोय, त्यात टेलर, फेयॉल, मेयो, मास्लो, मॅकग्रेगर सगळे वाचले, एक म्हणतो मोजा, दुसरा म्हणतो माणसांशी बोला, तिसरा म्हणतो गरजा ओळखा. यातलं खरं कुणाचं? आणि मी सोमवारी करू काय? – एकटा पडलेला, चाकण

अरे एकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसूच आलं, तुला नाही रे, तुझ्या त्या एमबीएच्या गाईडला. गाईडमध्ये ही सगळी मंडळी शाळेच्या ग्रुप फोटोसारखी ओळीने उभी असतात, प्रत्येकाचे चार फायदे चार तोटे, आणि वाचून असं वाटतं की एकाने थोडं चुकीचं सांगितलं मग दुसरा आला त्याने सुधारलं आणि असं करत करत आपण शहाणे झालो. तसं काही नाहीये. यातला जवळजवळ प्रत्येकजण कुठल्यातरी एका कारखान्यातल्या भांडणातून आलाय. आणि त्यातला पहिलाच माणूस अगदी तुझ्या भांडणात अडकला होता, हे तुझ्या गाईडने तुला सांगितलेलं दिसत नाही.

टेलर म्हणजे पुस्तकात तो घड्याळवाला, दाढीशिवायचा कडक साहेब ना, तो सुरुवातीला लेथवर होता. घर फिलाडेल्फियातलं चांगलं पैसेवाल्यांचं, हार्वर्डची प्रवेशपरीक्षाही पास झालेला, पण डोळ्यांचा त्रास सुरू झाला म्हणून कॉलेज सोडून पंप बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून लागला आणि १८७८ साली मिडव्हेल स्टीलमध्ये साधा मजूर म्हणून गेला. तिथे लेथवर आला, मग थोड्याच दिवसात त्याला गँग बॉस केलं, म्हणजे तुझीच पोस्ट समज. ज्या दिवशी केलं त्या दिवशी त्याच्याबरोबरचे लेथवाले त्याच्याकडे आले आणि म्हणाले की तू झालास ते बरं झालं, तुला इथलं सगळं माहितीये, रोज किती माल काढायचा हे आपलं ठरलेलं आहे, तू त्याला हात लावणार नाहीस ना? काम पीस रेटवर होतं, नगामागे पैसे, तरी सगळे मिळून ठरवून अंग राखून काम करायचे. टेलरने सरळ सांगून टाकलं की आता मी मालकाच्या बाजूला आहे आणि मी माल वाढवणार.

मग जवळपास तीन वर्षं मारामारी. त्याने रेट कमी केले, नवीन पोरं आणून शिकवली, ती पोरंही शिकल्यावर जुन्यांना जाऊन मिळाली. मशीनचे पार्ट मुद्दाम मोडायचे आणि सांगायचे हा पळवतो म्हणून मोडलं, टेलरने मोडेल त्याच्याकडून दंड घ्यायला सुरुवात केली. शेवटी माल वाढला, दुपटीच्या आसपास गेला म्हणे. पण पुढे १९१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीसमोर त्याला बोलावलं तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला अजून लक्षात आहे, की दिवसभर एकाही माणसाच्या तोंडाकडे बघता येत नाही, जिथे बघावं तिथे वैर दिसतं, असलं जगणं भयंकर असतं. आणि हेही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की आपण कामगारांच्या वस्तीत राहत नव्हतो म्हणून टिकलो, तिथे राहत असतो तर बायकापोरांना रस्त्यावर बोलणी बसली असती आणि आपण कधीच हात टेकले असते. तू राहतोस कुठे? मामांच्या गल्लीत ना? मग टेलरला जे जमलं ते तुला का जमत नाहीये याचं अर्धं उत्तर इथेच आहे, उगाच स्वतःला कमी समजू नकोस.

आता नीट लक्ष दे, कारण माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. टेलर कामगारांना आळशी म्हणायचा, बैलबुद्धीचे म्हणायचा, भाषा वाईटच होती त्याची. पण ते अंग राखून का करतात याचं कारण मात्र त्याने बरोब्बर लिहिलंय: माल वाढवला की मालक रेट कापतो. आज दहा नगांचे दहा मिळतात, उद्या पंधरा काढले की मालक म्हणणार अरे एवढे निघतात होय, मग पंधरा नगांचेच दहा घे. एकदा असं झालं की माणूस आयुष्यात पुन्हा खरा स्पीड दाखवत नाही. म्हणजे ५५ सेकंद हा अडाणीपणा नाही, आळसही नाही. हिशेब आहे तो.

टेलरचा उपाय काय तर भांडण आकड्यावर सोपवायचं. घड्याळ लावा, कामाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचा वेळ काढा, मग ना मालक बोलेल ना कामगार, सायन्स बोलेल. बेथलेहेम स्टीलमधली त्याची गोष्ट तुझ्या गाईडात असणारच, तो ‘श्मिट’ नावाचा मजूर, सुमारे ४२ किलोची लोखंडाची लगड उचलून वॅगनमध्ये टाकायची, दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेला आणि पगार १.१५ डॉलरवरून १.८५ केला. काम जवळजवळ चौपट, पगार दीडपटीच्या थोडासा वर, हा भागाकार मी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहायचे आणि वर्गात शांतता पसरायची. त्या माणसाचं खरं नाव हेन्री नोल, आणि नंतर अभ्यासकांनी जुने कागद काढून बघितले तर टेलरने ती गोष्ट बरीच तिखटमीठ लावून सांगितली होती असं निघालं.

आणि सायन्स म्हणशील तर, मी भोसरीत एका मशीनशॉपच्या पर्सनल डिपार्टमेंटला तेवीस वर्षं काढली, टाईम स्टडीचे शेकडो कागद माझ्या टेबलावरून गेलेत. घड्याळ सेकंद दाखवतं हे खरं, पण त्यानंतर मोजणारा ‘रेटिंग’ लावतो, म्हणजे हा माणूस नॉर्मलच्या ऐंशी टक्के स्पीडने करत होता की शंभर, हे त्याच्या अंदाजाने. मग थकवा, पाणी, लघवी याचा ‘अलाऊन्स’ किती द्यायचा तोही कुणीतरी ठरवतो. दोन ठिकाणी माणसाचं मत घुसतं आणि खाली दशांश चिन्हानंतर दोन आकडे, की झालं सायंटिफिक. ऑपरेटरला हे सगळं माहिती असतं बरं का. आमच्याकडे एक मोजणारा खांबामागे उभा राहून खिशातल्या घड्याळावर टाईम घ्यायचा आणि त्याला वाटायचं कुणाला कळत नाही, इकडे ग्राइंडिंगवाले एकमेकांना पाना आपटून सिग्नल द्यायचे. टार्गेट वाढवून घेतलं मॅनेजमेंटने, हो, वाढलं. पुढच्या तीन महिन्यात रिजेक्शन इतकं वाढलं की रीवर्कला वेगळी शिफ्ट लावायला लागली. त्या रीवर्कचा सायकल टाईम मात्र कुणी नाही घेतला.

१९११ मध्ये टेलरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात मोल्डरांनी घड्याळ बघूनच काम सोडलं. एकाने मोजून घ्यायला नकार दिला, त्याला काढलं, तसे बाकीचे बाहेर. त्यातूनच ती कमिटी बसली, आणि पुढे सरकारी कारखान्यांमध्ये स्टॉपवॉचवर बंदीच आली, ती बरीच वर्षं टिकली. हे तिकडचं झालं. आपल्याकडे मुंबईत १९२८ चा गिरणी संप बघ. गिरण्यांत ‘एफिशियन्सी’च्या नावाखाली विणकाराला दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळायला सांगायला सुरुवात झाली होती. साधा हिशेब कर, तीन माणसांचे मिळून सहा साचे होते, आता तिघांचं काम दोघात, मग तिसऱ्याने काय कोकणातली गाडी धरायची? जवळपास दीड लाख लोक सहा महिने बाहेर होते, गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली, संपाच्या कमिटीत कम्युनिस्ट डांगे आणि मवाळ ना. म. जोशी यांच्यासारखे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकत्र बसले. त्या विणकारांनी टेलरचं पुस्तक वाचलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता, पण वाचलेल्या वेळाचं काय होतं ते त्यांना पक्कं कळलं होतं.

फेयॉलचं फार मनावर घेऊ नकोस. तो फ्रान्समधल्या खाणकंपनीचा डायरेक्टर, १८८८ पासून तीस वर्षं वरच्या खुर्चीत बसला, त्यामुळे त्याला दिसलं ते वरून दिसलं, नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण. १९१६ ला लिहिलेलं आहे, आजही कंपनीचा ऑर्गनायझेशन चार्ट त्याच्याच हाडांवर उभा आहे, पण तुझ्या सोमवारला त्याचा उपयोग नाही. गाईडातला वेबर, तो जर्मन समाजशास्त्रज्ञ, तर मुख्यतः नोकरशाहीबद्दल बोलत होता. फोर्डचं एवढं लक्षात ठेव की १९१३ मध्ये हायलँड पार्कला सरकती लाईन आली, गाडीची चासी जोडायला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आले, आणि त्याच वर्षी माणसं एवढी पळून जायला लागली की सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं, म्हणजे एका जागेवर वर्षात तीनचार माणसं. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये पाच डॉलर रोज जाहीर केला. लोक फोर्डला दिलदार म्हणतात, मी म्हणते बिल आलं होतं ते भरलं. तेही अटी घालून, कामगार घरी दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का हे बघायला कंपनीची माणसं घरी जायची.

आता हार्वर्डचा प्राध्यापक मेयो आणि हॉथॉर्नचे प्रयोग. इथे जरा थांबूया कारण गाईडात यातला अर्धाच भाग असतो, तोही गोड अर्धा. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनची यंत्रं बनवणारा हॉथॉर्न कारखाना, १९२४ पासून तिथे दिव्यांचे प्रयोग चालले, उजेड वाढवला तरी काम वाढलं कमी केला तरी वाढलं. मग १९२७ पासून पाचसहा मुलींना वेगळ्या खोलीत बसवून टेलिफोनचे रिले (छोटे स्विच) जोडायला दिले, सुट्ट्या दिल्या, मधे खायला दिलं, तास कमी केले, काम साधारण तीस टक्के वाढलं. निष्कर्ष काय, तर माणसाकडे लक्ष दिलं की माणूस फुलतो. छान वाटतं ना ऐकायला? गाईड काय सांगत नाही तर त्यातल्या दोन मुली फार बोलतात, ऐकत नाहीत म्हणून मधेच बदलल्या, आणि त्यांचा पगार मोठ्या खात्याऐवजी त्या छोट्या ग्रुपच्याच कामावर धरायला लागले, म्हणजे जास्त केलं तर जास्त पैसे आपल्याच हातात. लक्ष देणं वगैरे असेलही, पण पैशाचा धागा तिथेही होताच.

तुझी खोली वेगळी आहे. १९३१ च्या शेवटी त्याच कारखान्यात दुसरी खोली केली, बँक वायरिंगची, म्हणजे टेलिफोनच्या स्विचच्या तारा जोडायची, तिथे चौदा पुरुष, तुझ्याकडेही चौदाच की. वायरमन, सोल्डर करणारे आणि इन्स्पेक्टर. यावेळी काही बदललं नाही, नुसतं एक माणूस कोपऱ्यात बसून सहासात महिने बघत राहिला. कंपनीचं टार्गेट होतं दिवसाला ७३१२ जोडण्या. पोरांनी आपापसात ठरवलेलं की ६००० ते ६६०० म्हणजे दिवस झाला. त्यापेक्षा जास्त करणारा ‘रेट मोडणारा’, कमी करणारा फुकट्या, आणि साहेबाला जाऊन सांगणारा चुगलखोर. कुणी फार पळायला लागला की बाजूचा त्याच्या दंडावर एक बुक्की हाणायचा, रागाने नाही, खेळात, पण निरोप पोचायचा. कधी जास्त झालंच तर ते दाबून ठेवायचे आणि कमी झालेल्या दिवशी दाखवायचे, म्हणजे कागदावर रेघ सरळ. आणि त्यांच्या सुपरवायझरला हे सगळं माहिती होतं, तो गप्प बसायचा, कारण त्यालाही तिथेच रोज उभं राहायचं होतं.

त्यांना विचारलं असं का करता, तर उत्तर तेच, टेलरच्या लेथवाल्यांचं: जास्त केलं तर टार्गेट वाढवतील, नाहीतर कुणाला तरी घरी बसवतील. मेयो आणि त्याच्या हार्वर्डच्या मंडळींना यात भावना दिसल्या, ग्रुपची मानसिकता दिसली, तर्कापेक्षा भावनेवर चालणारी माणसं दिसली. मला त्यात तारीख दिसते. १९३१-३२, अमेरिकेत महामंदी. मे १९३२ मध्ये ती खोली बंद केली ती कामच उरलं नाही म्हणून. पोरं घाबरली होती ती उगाच नव्हे.

मग मास्लो १९४३, हर्झबर्ग १९५९, मॅकग्रेगर १९६०. मास्लोचा लेख कारखाना बघून लिहिलेला नव्हता, तो मानसशास्त्रज्ञ होता, आणि गरजांच्या ज्या त्रिकोणासाठी तू रात्री जागतोस तो त्याच्या मूळ लेखात नाहीच, तो नंतरच्या मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. हर्झबर्गने पिट्सबर्गकडच्या दोनेकशे इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं की कामावर सगळ्यात बरं कधी वाटलं सगळ्यात वाईट कधी, त्यातून त्याने सांगितलं की पगार, कँटीन, साहेबाचं वागणं हे वाईट असलं तर माणूस चिडतो पण चांगलं केलं म्हणून कामात जीव ओतत नाही. हे वापरण्यासारखं आहे, म्हणजे तुला कुणी सांगेल की शनिवारी सगळ्यांना मिसळ खाऊ घाल म्हणजे मोकळे होतील, तर घाल बापडा, पण मिसळ खाऊन ५५ चे ४१ होणार नाहीत. मॅकग्रेगरचं मात्र एक वाक्याचं सार खिशात ठेव: तू माणसाला कामचुकार धरून वागलास की तो तसाच वागतो, आणि मग तुला वाटतं बघा, मी म्हणत नव्हतो? खांबामागचा आमचा मोजणारा आणि पाना आपटणारे, दोघंही एकमेकांना रोज खरं ठरवत होते.

या सगळ्यात माझी लाडकी मेरी पार्कर फॉलेट, जी तुझ्या यादीत नाहीच्चे. बोस्टनची बाई, १९२० च्या दशकात मालक लोकांना व्याख्यानं द्यायची. तिची एक गोष्ट फार छोटी आहे. लायब्ररीत बसलेली ती आणि अजून एकजण, त्याला खिडकी उघडी हवी, हिला बंद. अर्धी उघडली असती तर दोघंही नाराज. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली, कारण त्याला हवा हवी होती, खिडकी नाही, आणि हिला वारा अंगावर नको होता, खिडकी बंद असण्याशी तिचं काही नव्हतं. तिचं दुसरं म्हणणं असं की हुकूम माणसाने माणसाला द्यायचा नसतो, समोरचं काम काय मागतंय ते दोघांनी मिळून बघायचं आणि दोघांनी त्याचं ऐकायचं. तुझ्या प्लांट हेडला दहा टक्के हवेत. ते माणसांच्या हातातूनच काढायचे असं कुठे लिहिलंय? हे धरून ठेव, खाली येतेच.

एक आपल्याकडचं उदाहरण, फार कमी लोकांना माहिती असतं. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवीन ऑटोमॅटिक माग आले होते, मशीन भारी, पण माल निघत नव्हता, खराबी वाढलेली. एका शेडमध्ये सगळ्या मागांवर बारा वेगवेगळ्या कामांची माणसं फिरत, कोण गाठ मारणार कोण तेल घालणार कोण झाडणार, सगळं टेलरच्या पद्धतीने नीट वाटलेलं, पण कुठला माग कुणाचा हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचा ए. के. राइस तिथे आला होता, त्याने नुसतं सुचवलं की ठरावीक माग एका टोळीकडे द्या, कामं त्यांची त्यांना वाटून घेऊ द्या. तर सुपरवायझर आणि कामगारांनी ती कल्पना उचलली आणि टोळ्या त्यांच्या त्यांनीच लगेच पाडल्या, साहेबाला बसून यादी करायची वेळच आली नाही. माल सुधारला, खराबी कमी झाली. याला पुस्तकात मोठं नाव आहे, मी आपलं म्हणते की शेतावर इर्जिक घालताना जे आपोआप होतं ते शेडमध्ये होऊ दिलं.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, इतका बदनाम की दर पाचातला एक माणूस कामावरच यायचा नाही, १९८२ ला बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच उघडला, नाव न्यूमी. माणसं बहुतेक तीच, युनियनही तीच. दोनेक वर्षांत तिथल्या गाड्या जनरल मोटर्सच्या सगळ्या कारखान्यांत क्वालिटीला वरच्या नंबरात. तुला वाटेल टोयोटाने घड्याळ फेकून दिलं असेल. उलट! तिथे टेलरपेक्षा जास्त मोजायचे, प्रत्येक हालचाल सेकंदात लिहिलेली. फरक दोनच. एक, घड्याळ ऑपरेटरांच्या हातात होतं, तेच एकमेकांचं काम मोजायचे, तेच ठरवायचे कुठली पद्धत बरी, आणि अडलं तर दोरी ओढून लाईन थांबवायचा अधिकार त्यांचा. दोन, करारात लिहून दिलेलं होतं की कंपनीवर अगदीच आभाळ कोसळल्याशिवाय कुणाला काढणार नाही, त्याआधी साहेबांचे पगार कमी होतील. १९८८ च्या सुमारास गाड्या खपेनात, लाईन अर्धीमुर्धीच चालायला लागली, तेव्हा खरंच कुणाला काढलं नाही, लोकांना ट्रेनिंगला बसवलं, रंगरंगोटी करून घेतली. वाचलेल्या सेकंदाने आपलीच नोकरी जाणार नाही हे एकदा डोळ्यांनी दिसल्यावर माणसं सेकंद स्वतःहून काढून द्यायला लागली. जपानमध्ये १९५० पासून क्वालिटी शिकवणारा अमेरिकन डेमिंग, त्याचंही म्हणणं हेच, की भीती घालवा, आणि बहुतेक दोष माणसाचा नसतो, ज्या व्यवस्थेत त्याला उभं केलंय तिचा असतो.

तर सोमवारचं. मामांकडे जाण्याआधी प्लांट हेडकडे जा आणि एकच प्रश्न विचार: दहा टक्के निघाले तर त्याचं काय करणार? तेवढ्याच माणसात जास्त माल, की तेवढाच माल कमी माणसात? आवाज न चढवता विचार, सर म्हणून विचार, पण विचार. पाच परमनंट आणि नऊ कॉन्ट्रॅक्टवाले म्हटल्यावर लाईनवर प्रत्येकाला माहितीये की पहिला नंबर कुणाचा लागणार, आणि ती नऊ जणं ५५ सेकंद दाखवतायत ती स्वतःसाठी, आणि परमनंटवाले दाखवतायत ते त्यांच्यासाठी. यात मला तरी काही वाईट दिसत नाही. साहेब म्हणाले माणसं कमी करणार नाही तर ते ईमेलवर घे, ‘आपण बोलल्याप्रमाणे’ असं लिहून तूच पाठव, उत्तर नाही आलं तरी पाठवलेलं राहतं. साहेब म्हणाले बघू नंतर, तर लाईनवर जाऊन कुणाला खोटी खात्री देऊ नकोस, एवढंच सांग की मी विचारलं आणि उत्तर मिळालं नाही. हे सांगितल्यावर तुझ्याबद्दलचा अर्धा राग जाईल. कामाचा स्पीड वाढणार नाही, ते तुझ्या हातात नाही.

दुसरं, पहिले आठदहा दिवस माणसाचा हात मोजूच नकोस. थांबलेला वेळ मोज. पार्टचा बिन (डबा) वेळेवर नाही आला म्हणून किती मिनिटं गेली, फोर्कलिफ्टची वाट बघण्यात किती, फिक्स्चर लूज म्हणून दोनदा क्लॅम्प करण्यात किती, टूल बदलायला मेंटेनन्सवाला कधी आला. हा फॉलेटबाईंचा शेजारच्या खोलीतला वारा. सात वर्षं तू तिथे होतास, तुला माहितीच आहे एका शिफ्टला यात किती जातं. माझा अनुभव असा की दहा टक्के बऱ्याचदा इथेच सापडतात आणि त्यासाठी कुणाच्या दंडावर बुक्की पडत नाही, उलट लोक स्वतःहून येऊन सांगतात की हे पण लिही, हे पण लिही. रिपोर्टमध्ये हे पहिल्या पानावर टाक, साहेबाला टेबल आवडतं, टेबल दे.

तिसरं, घड्याळ मामांकडे दे. खरंच दे, हातात. म्हण की मामा, पाच नंबर स्टेशनचं काम बसवून द्या, कुठला हात कुठे जायला पाहिजे ते तुम्ही सांगा, मी लिहितो. ते पहिल्यांदा नाही म्हणतील, बोलतील चार शब्द, तू आता साहेब झालास वगैरे, ते ऐकून घे, ते तीन महिन्यांचं साठलेलं आहे. ४१ सेकंदाचं नाव काढू नकोस, त्यांना माहितीये की तुला माहितीये. आणि अजून एक, ४१ सेकंद तू करायचास तो पंचविशीतला असताना आणि एकदोन तास सलग, आठ तास रोज पन्नाशीच्या गुडघ्यांनी ४१ होतं का हे स्वतः एक पूर्ण शिफ्ट उभा राहून बघ मग रिपोर्टमध्ये आकडा लिही.

चहाचं विचारशील तर तू स्वतःहून जाऊन त्यांच्या कट्ट्यावर बसू नकोस इतक्यात, अवघडतात सगळे, बोलणं बंद होतं. हाक येईल किंवा नाही येणार, सुपरवायझर झालेल्या माणसाला जुनी जागा तशीच्या तशी परत मिळत नाही, आमच्याकडे प्रमोशन घेऊन परत मशीन मागितलेले दोघं होते आणि त्यातला एक मला विचारशील तर सुखी झाला.

पेपरला मात्र यातलं काही लिहू नकोस, तिथे मास्लोचा त्रिकोण काढ, पट्टीने काढ, पाच मजले, नावं घाल. त्याला मार्क असतात.

– ताई